मिस्टरांना दापोलीत सी-व्ह्यू प्लॉट घ्यायचाय, मी काय करू?

पत्र: ताई, आम्ही डोंबिवलीचे. मिस्टर येत्या मार्चमध्ये ६० पूर्ण होऊन रिटायर होतील. पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून ७० लाखांच्या आसपास येतील, पेन्शन नावापुरती. इथला वन बीएचके स्वतःचा आहे, कर्ज नाही, मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला दिलीये. मे महिन्यात दापोलीला गेलो होतो तिथे एका एजंटने समुद्र दिसणारा ११ गुंठ्यांचा प्लॉट दाखवला, २४ लाख, वर बंगला बांधायला ३५. म्हणतो पाच वर्षांत तिप्पट होईल, तोपर्यंत होमस्टे चालवा, महिन्याला ४० हजार कुठे गेले नाहीत. दसऱ्याच्या आत दोन लाख टोकन मागतोय. सासऱ्यांचं गुहागर तालुक्यात जुनं घर आणि थोडी जमीन आहे पण सातबाऱ्यावर २७ नावं, त्यामुळे तिकडे कोणी बघत नाही. मला भीती वाटते पण बोलले की घरात भांडण. घ्यावं का?

ताई, आधी टोकनचं सांगते. दसऱ्याला दोन लाख द्यायचे नाहीत, दिवाळीलाही नाहीत. मी इथे दापोलीतच राहते, सड्यांवरचे, म्हणजे डोंगरावरच्या कातळी माळांवरचे, प्लॉटचे बोर्ड रोज येता-जाता बघते, ते पावसात पडतात, ऑक्टोबरमध्ये परत रंगवून उभे राहतात आणि त्यावरचं ‘शेवटचे ३ प्लॉट’ काही केल्या बदलत नाही. दसऱ्याचा मुहूर्त एजंटचा आहे, तुमचा नाही.

आणि हो, मिस्टर वेडे वगैरे नाहीयेत हां. तीस-पस्तीस वर्षं लोकलला लोंबकळलेल्या माणसाला मे महिन्यात संध्याकाळी सड्यावर उभं केलं, खाली हर्णै बंदरातल्या होड्या दिसतायत, वारा सुटलाय, हातात कोकम सरबताचा ग्लास, की तो कुठेही सही करेल. एजंट लोकांना हे बरोब्बर कळतं, म्हणून साईट साडेपाच-सहालाच दाखवतात, दुपारी दोन वाजता तापलेल्या कातळावर कोणी कोणाला नेत नाही, आणि जुलैत तर फोनसुद्धा करत नाहीत.

मला तुमच्या पत्रात खरी अडचण दिसते ती ही की एकाच प्लॉटकडून तुम्ही तीन कामं मागताय. तिथे म्हातारपणी राहायचंय, त्यातून दर महिन्याला पैसे यायला हवेत, आणि वर त्याची किंमत पण वाढायला हवी. कोकणातली जागा यातलं एखादं काम करेल, नशीब असेल तर दोन. तिन्ही करणारी जागा मी तरी पाहिली नाही आणि ७० मधले ५९ लाख लावून ती शोधत बसण्याचं हे वय नाही.

हिशोब करू. २४ आणि ३५ म्हणजे ५९ हे एजंटच्या तोंडचं गणित झालं. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, मोजणी, विजेचा मीटर आणि पोल लांब असेल तर तो ओढून आणायचा खर्च, पाण्याची सोय, गडगा म्हणजे दगडी कुंपण, गेट, आत लागणारं सामान. चिरे-वाळू डोंगरावर चढवायचं भाडंच वेगळं लागतं. पासष्ट लाखांच्या आत तुम्ही सुटत नाही असं धरून चाला. मग हातात उरले पाच लाख, आणि पुढची पंचवीस वर्षं दोघांनी त्यावर काढायची, एक अँजिओप्लास्टी झाली तरी संपतील.

हेच पैसे दुसरीकडे काय करतात ते बघा. पोस्टात किंवा बँकेत सिनिअर सिटिझन सेव्हिंग स्कीम आहे, एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, सध्याचा दर ८.२ टक्के. ३० लाखांवर दर तीन महिन्यांनी ६१,५०० रुपये खात्यात येतात, म्हणजे महिन्याचे साडेवीस हजार झाले. टॅक्स लागतो, पाच वर्षं पैसे अडकतात, मधे काढले तर थोडा दंड, हे सगळं मान्य, पण त्यासाठी कोणाच्या चादरी धुवायला लागत नाहीत.

होमस्टेचे महिन्याला चाळीस हजार म्हणजे वर्षाचे चार लाख ऐंशी हजार. पूर्ण बंगला रात्रीला चार हजाराने दिला आणि एक रुपया खर्च झाला नाही असं धरलं तरी १२० रात्री भरायला हव्यात. इथला सीझन म्हणजे दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एकतीस डिसेंबर, मग मे महिना, आणि मधले शनिवार-रविवार. जून ते सप्टेंबर बहुतेक घरं रिकामी असतात, गणपतीत तर उलट इथला माणूसच मिळत नाही. बरं, समजा तुमचं नशीब चांगलं आणि ८० रात्री भरल्या, आले तीन लाख वीस हजार. आता जाणारे बघा. केअरटेकर बारा हजार महिना म्हणजे एक लाख चव्वेचाळीस. लाईट, गॅस, धुणं, वायफाय, झाडांना पाणी घालायला माणूस, सगळं मिळून महिना सहा हजार म्हणजे बहात्तर. बुकिंगच्या अॅपचं कमिशन पंधरा टक्के धरलं तर अठ्ठेचाळीस. पावसाळा संपल्यावर रंग, बुरशी, गंजलेले बोल्ट, उडालेले पत्रे यांचे चाळीस हजार कमीच धरतेय. बेरीज तीन लाख चार हजार. उरले सोळा हजार. महिन्याला नाही ताई, वर्षाला.

केअरटेकर न ठेवता आपणच करू म्हणाल तर जरूर करा, इथे कितीतरी घरं तशी चालतात आणि छान चालतात, पण ती चालवणारी सून तिशीतली असते. रात्री अकराला पुण्याहून गाडी येते, आठ जण, दोन व्हेज, एकाला सुरमई हवी, एकाला जेवणच नको फक्त बर्फ हवा. बासष्टाव्या वर्षी हे कोण करणार ते पत्रात तुम्ही लिहिलं नाहीये, पण मला वाटतं आपल्या दोघींना माहितीये कोण करणार.

आता ते तिप्पट. पाच वर्षांत तिप्पट म्हणजे दरवर्षी जवळजवळ पंचवीस टक्के, पाचही वर्षं, न चुकता. असं ज्याला खरंच वाटतं तो स्वतःचा प्लॉट डोंबिवलीच्या माणसाला विकेल का हो? जरा शांतपणे मोजलं तर २४ चे दहा वर्षांत ४८ झाले, जे ऐकायला खूप भारी वाटतं, तरी वाढीचा दर वर्षाला सव्वासात टक्क्यांच्या आत बसतो, म्हणजे पोस्टापेक्षा कमी, आणि मधल्या दहा वर्षांत दरवर्षी बेणून म्हणजे रान साफ करून घ्यायचं, गडगा बघायचा, बाजूच्याने हद्द सरकवली नाही ना हे बघायला यायचं. विकताना एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट असेल तर नफ्यावर १२.५ टक्के कॅपिटल गेन टॅक्स, जुलै २०२४ नंतर घेतलेल्या मालमत्तेला इंडेक्सेशनचा, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायचा, फायदा राहिलेला नाही. खरीखुरी ग्रामीण शेतजमीन असली तर हा टॅक्स लागत नाही, पण मग तिच्यावर बंगला कसा बांधणार.

एजंट तुम्हाला रस्ते सांगेल. अटल सेतू झाला, मुंबई-गोवा हायवे होतोय, रेवस-रेडी सागरी मार्ग येतोय. अटल सेतू जानेवारी २०२४ ला सुरू झाला हे खरं, आणि त्याचा फायदा अलिबागकडे जास्त आहे, तिकडे मांडव्याला २०२० पासून रो-रो म्हणजे गाडीसकट नेणारी बोट पण आहे, मुंबईचा श्रीमंत माणूस शुक्रवारी संध्याकाळी निघून रात्री जेवायला पोचतो. अलिबागचे भाव मुंबईच्या पैशाने ठरतात, ते आकडे दापोलीच्या सड्याला लावायचे नाहीत. आपल्याकडे रेल्वे खेडला, तिथून पुढे घाट. आणि हायवेचं काय बोलायचं, गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला विचारा, कधीपासून चौपदरी होतोय तो. माझं बघणं असं की रस्त्याची बातमी आली त्याच दिवशी भाव चढतो आणि रस्ता मात्र पंधरा वर्षांनी येतो, मधल्या काळाचं व्याज घेणाऱ्याच्या डोक्यावर.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे आणि ती कोणताच एजंट काढत नाही, ती म्हणजे विकणं. इथे घेणं सोपं आहे. विकायला काढलं की कळतं. आमच्या वरच्या आळीला ठाण्याचं एक जोडपं आहे, काका बँकेतले, सड्यावर सुरेख चिऱ्याचा बंगला बांधला, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, झोपाळा, सगळं मनासारखं. चार वर्षांनी काकूंचे गुडघे गेले, डॉक्टर ठाण्यात, मग घर विकायला काढलं. शनिवारी लोक येतात, पडवीत बसतात, व्ह्यूचे फोटो काढतात, काकू त्यांना चहा देते, एकाने तर परसातला फणस मागून नेला. सोमवारी फोन नाही. ज्यांचे आले त्यांनी निम्म्या किमतीत मागितलं. दुसरा पाऊस गेला, गेटच्या बिजागऱ्या गंजून एक पाखा उघडतच नाही, काका तो उचलून बाजूला करतात. घर अजून त्यांचंच आहे. किंमत विचाराल तर कागदावर वाढलेलीच आहे, पण पैसे मात्र हातात नाहीत. म्हातारपणी ज्या पैशाची कधीही गरज लागू शकते तो पैसा अशा ठिकाणी ठेवायचा नाही, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. ज्याला तो पैसा दहा-पंधरा वर्षं लागणारच नाही, पन्नाशीच्या आतला आहे, पगार चालू आहे, त्याने घ्यावा, कोकणात जमीन घेऊन चांगलं झालेले लोक आहेतच की. तुमच्या ७० लाखांत असा न लागणारा पैसा किती, तेवढीच तुमची कोकणातली इन्व्हेस्टमेंट. माझ्या अंदाजाने दहा लाखांच्या वर नसेल.

आता तुम्ही म्हणाल, मिस्टर ऐकणारच नाहीत. ठीक आहे, मग निदान कागद तरी मागवा, आणि कागद बघायची पद्धत सांगते कारण अकरा गुंठे म्हटल्यावरच माझे कान टवकारले.

शेतजमिनीचा तुकडा वाटेल तेवढा पाडता येत नाही, तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, २०२३ मध्ये कमीत कमी क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं आणलं, नंतर रहिवासी भागांसाठी काही सवलती आल्या. सडा काही बागायत नसतो. मग अकरा गुंठे विकतात कसे? एक तर रीतसर एनए लेआउट मंजूर करून घेतलेला असेल, तर उत्तम, मग त्याचा महारेरा नंबर, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा नंबर, मागा, ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटिंगला नोंदणी लागते आणि तुमचा एकटा प्लॉटच अकराशे चौरस मीटरचा आहे. नंबर नाही म्हणाला तर चहा पिऊन निघा. दुसरा प्रकार जास्त चालतो, तो म्हणजे दोन-तीन एकरांचा एकच सातबारा, त्यात दहा-बारा जणांना सामाईक हिस्सा विकायचा. चुन्याची फक्की मारून तुम्हाला तुमचा प्लॉट दाखवतात, कोपऱ्यावर दगड पुरतात, पण सातबाऱ्यावर तुमचं नाव त्या सगळ्यांच्या रांगेत, तुमचे अकरा गुंठे नेमके कुठले हे कुठेच लिहिलेलं नाही. उद्या समुद्राकडच्या बाजूला चार जणांनी हक्क सांगितला की बसा. म्हणजे ताई, सासऱ्यांच्या २७ नावांना कंटाळून तुम्ही २४ लाख देऊन नवीन बारा नावांत जाऊन बसणार.

सातबारा ऑनलाइन मिळतो, स्वतः काढा, एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो नको. वरती भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघा, वर्ग २ म्हणजे विकायला सरकारची परवानगी लागते. मग उजवीकडचा ‘इतर अधिकार’ हा रकाना, तिथे सगळं दडलेलं असतं आणि तिथलंच कोणी वाचत नाही. कुळकायदा कलम ४३ ची नोंद असेल तर ती जमीन कुळाला, म्हणजे ती कसणाऱ्याला, मिळालेली आहे, ती विकायच्या अटी वेगळ्या. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्ज, तिथेच. डोंगरउताराची झाडी असलेली जमीन असेल तर वनखात्याची नोंद आहे का ते खास बघा, खाजगी वनांचा १९७५ चा कायदा आहे आणि असल्या जमिनीत घेणारे अडकलेले आहेत. जुने फेरफार म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी काढा, निदान तीस वर्षांच्या, त्यात बहिणींची नावं कुठे गायब झाली का ते दिसतं, कारण त्या बहिणी किंवा त्यांची मुलं कधी ना कधी येतात आणि बरोबर येतात. मोजणीचा नकाशा भूमी अभिलेखचा हवा, एजंटने रंगवलेला लेआउट नव्हे. रस्ता नकाशात आहे की नुसती वहिवाट आहे, की ‘शेजारी आपलाच माणूस आहे, काय नाय बोलणार’ या बोलीवर आहे, हे पण.

खाली वाळूजवळचा प्लॉट दाखवला असता तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचा निर्बंध, आधी सांगितलं असतं. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत तो लागू, आणि आपल्याकडच्या गावांत साधारण पहिल्या २०० मीटरमध्ये नवं बांधकाम करताच येत नाही. तुमचा वर आहे म्हणून थोडक्यात सोडते.

आणि शेतकरी दाखला. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३. एजंट म्हणेल दाखला आम्ही करून देतो. नको. खोट्या दाखल्यावर झालेला व्यवहार पुढे रद्द होऊन जमीन सरकारजमा होऊ शकते, तेव्हा एजंटचा फोन लागत नाही. तुम्हाला खोट्याची गरजच नाहीये खरं तर, ते गुहागरवर येते तेव्हा सांगते.

त्याआधी पाणी. दापोलीत पाऊस तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पडतो आणि तरी एप्रिलमध्ये सड्यावरच्या घरांना टँकर लागतो, कारण इथल्या जांभ्या दगडात पाणी थांबत नाही, सरळ खाली निघून जातं. बोअरला पाणी लागेलच याची गॅरंटी कोणी देत नाही. शेजारच्या घराला मे महिन्यात पाणी कुठून येतं हे एजंटला नाही, त्या घरातल्या बाईला विचारा. वाऱ्याचं पण तसंच. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. व्ह्यू असलेली घरं म्हणजे वाऱ्याच्या तोंडावरची घरं, पत्रे कुठे जाऊन पडले ते शोधत फिरत होते लोक, नारळी-पोफळीच्या वाड्या अख्ख्या झोपल्या, आणि लाईट कित्येक दिवस नव्हती. तेव्हा आम्ही तरुण माणसं घरात होतो म्हणून निभावलं.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, साठीत घर घेताना पंचाहत्तरीतल्या स्वतःला घेऊन साईटवर जा. रात्री दीड वाजता छातीत दुखतंय, बाहेर पाऊस कोसळतोय, गाडी कोण चालवणार? दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, खाजगी डॉक्टर चांगले आहेत, मोठं काही असेल तर डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल नाहीतर मुंबई-पुणे. तुमच्या त्या प्लॉटपासून नुसतं दापोलीला यायला अर्धा तास तरी धरा, तोही उन्हाळ्यातला. म्हातारपणी राहायचंच असेल तर गावात राहा, म्हणजे दापोली शहरात, बाजारात चालत जाता येईल असा तळमजल्याचा किंवा लिफ्टचा फ्लॅट. व्ह्यू नाही, शेजारी आहेत. पेपर, औषधाचं दुकान, रिक्षा, सगळं पायाखाली, आणि उद्या विकायचा झाला तर असा फ्लॅट सड्यावरच्या बंगल्यापेक्षा लवकर जातो, इथे बदलून येणारे नोकरदार कायम असतात, कृषी विद्यापीठ आहे, कॉलेजं आहेत.

पण फ्लॅटही लगेच घेऊ नका. अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घ्या, आणि माझी एकच अट, करार जूनमध्ये सुरू करा. नोव्हेंबरमध्ये कोकण सगळ्यांनाच आवडतं. जुलैत आठ दिवस सूर्य दिसला नाही, कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी, दिवसातून चारदा लाईट जातेय, टीव्हीचं डिश बंद, आणि मिस्टर खिडकीत बसून ‘किती मस्त वाटतंय गं’ म्हणतायत असं झालं, तर समजा माणूस खरा कोकणचा आहे, मग मी स्वतः तुमच्याबरोबर घर बघायला येते. महिना दहा हजार भाडं धरलं तरी अकरा महिन्यांचे एक लाख दहा हजार होतात, दोन लाखांच्या टोकनपेक्षा कमीच की.

आता गुहागर. पत्रात तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत आणि मला सगळ्यात जास्त तेच वाचायला आवडलं असतं. २७ नावं ऐकून घाबरू नका, आपल्याकडे ही काही फार मोठी संख्या नाही, पन्नास नावांचे सातबारे आहेत, त्यातली निम्मी माणसं वर गेलेली असतात आणि उरलेली विरार ते बदलापूर पसरलेली असतात. सासऱ्यांच्या जागी मिस्टरांची आणि त्यांच्या भावंडांची वारस नोंद झालीये का? माझा अंदाज, नाही. ती आधी करा. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन करता येतो किंवा तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात सगळे तलाठीच म्हणतात). नणंदांची नावं घालायचीच, ‘त्या कशाला, त्यांना दिलंय लग्नात’ हे चालत नाही, २००५ पासून मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. नाव लागलं की मिस्टर कागदोपत्री शेतकरी झाले, सरळ मार्गाने, कोणाला पैसे न चारता. उद्या कुठे शेतजमीन घ्यायची झाली तरी हाच उतारा दाखवायचा.

वाटप हे लांबचं काम आहे, वर्षं जातात, त्याबद्दल खोटी आशा दाखवत नाही. पण राहायला वाटपच हवं असं कुठे आहे. बहुतेक घरांत तोंडी वहिवाट ठरलेली असते, या बाजूची पडवी थोरल्याची, मागची खोली धाकट्याची. गणपतीत सगळे जमतात तेव्हा बसून बोला, सासऱ्यांच्या वाट्याला जे येतं तेवढं दुरुस्त करून वापरतो, बाकी कोणाचा हक्क जात नाही, असं कागदावर लिहून जितक्या जणांच्या सह्या मिळतील तेवढ्या घ्या. तीन-चार लाखांत कौलं, वासे, एक इंग्लिश संडास आणि पाण्याची टाकी होते का ते तिथल्या गवंड्याला दाखवून विचारा. फक्त लक्षात ठेवा, सामाईक घरावर खर्च केलेला पैसा परत मिळेल असं धरायचं नाही. तो हौसेचा खर्च. पण चार लाखांची हौस आणि पासष्ट लाखांची हौस यात फरक आहे की नाही? शिवाय तिथे विहीर असेल, ओळखीची माणसं असतील, आजारी पडलात तर वाडीतली पोरं उचलून गाडीत घालतील. नव्या स्कीममध्ये बाजूचा बंगला वर्षातले तीनशे दिवस बंद असतो.

मिस्टरांशी बोलायचं कसं, तर ‘नको’ हा शब्द वापरायचा नाही. त्यांनी चाळीस वर्षं मनात ठेवलेली गोष्ट आहे ती, तुम्ही नको म्हणालात की ते प्लॉटसाठी नाही, तुमच्या नको साठी भांडतील. म्हणा, चला घेऊ, पण त्याआधी या शनिवारी गुहागरला जाऊन तलाठ्याला भेटून येऊ. माणसाला काम दिलं की तो जरा निवळतो, आणि वडिलांच्या नावाचा उतारा हातात आला की काय वाटतं ते सांगून कळत नाही. मुलगा-मुलीला पण बसवा समोर, फॅमिली ग्रुपवर नव्हे. त्यांना स्पष्ट विचारा, आमच्यानंतर दापोलीचा बंगला तुम्ही सांभाळणार का? पुण्याचा म्हणेल बघू, नाशिकची म्हणेल हो पण दादाने बघावं. ‘बघू’ म्हणजे काय ते तुम्ही आई आहात, तुम्हाला कळेल.

एवढं करून दसरा आलाच आणि एजंट दारात उभा राहिलाच, तर त्याला सांगा की आमचा वकील सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी तपासून अहवाल, काढेल, पेपरात जाहीर नोटीस देईल, मोजणी आमच्यासमोर होईल, आणि हे सगळं झाल्यावर चेकने विसार म्हणजे टोकन देऊ, रोख नाही, साठेखतात म्हणजे खरेदीआधीच्या करारात परत मिळायची अट लिहून. वकील तुमचा हवा, खेडचा नाहीतर दापोलीचा कोणीही चालेल, फक्त एजंटने सुचवलेला नको आणि त्याची फी तुम्हीच द्या. खरा माल असेल तर तो थांबतो. नाही थांबला तर मला परत लिहू नका, पेढे वाटा.